दस्तरखानाचा ताळेबंद
कंबर, खिसा आणि पाणी : व्यापारी व कारागीर बंधूंसाठी आहाराचा हिशेब

हदीसच्या ग्रंथांत एका शिंप्याच्या घरच्या जेवणाची हकिकत आली आहे. या शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवणाचे आमंत्रण दिले. हजरत अनस (रजि.) बरोबर होते. पाहुण्यांपुढे आली ती जवाची भाकर आणि रस्सा. रश्शात दुधी भोपळा होता आणि सुकवलेल्या मांसाचे तुकडे होते. प्रेषित (स.) थाळीच्या कडेकडेने दुधीच्या फोडी शोधून खात आहेत, हे अनस (रजि.) यांनी पाहिले आणि त्या दिवसापासून दुधी आपल्यालाही आवडू लागला, असे ते सांगत. एका रिवायतीत असेही येते की, थाळी पुढे ठेवून तो शिंपी पुन्हा आपल्या कामाला लागला. कारागिराच्या घरचे साधे जेवण, आणि त्याला लाभलेला हा मान!

या थाळीत मांस आहे. ते वर्ज्य मानलेले नाही. पण पोट भरण्याचे काम जव आणि दुधीकडे आहे, मांस चवीला आणि ताकदीला आहे. आपल्याकडचा दालचा याच घराण्यातला. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात आजही लग्नाकार्यात बगारा भाताबरोबर दालचा लागतो. हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच आणि त्यात हाडाचे थोडे मटण. कोकणातल्या आपल्या बांधवांच्या घरी कुळथाची पिठी आणि वालाचे बिरडे आहे, खानदेशात कळण्याची भाकरी आहे. म्हणजे डाळ, कडधान्य आणि भाकरी हे परक्याचे अन्न नाही. ते आपल्याच दस्तरखानावरचे होते. गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. डाळ कडेला गेली, तर्री मध्ये आली. भाकरी गेली, मैद्याची रोटी आणि पाव आला. कष्ट कमी झाले, ताट मात्र जड झाले.

विषय आहाराचा असला तरी तो व्यापाराच्या पानावर मुद्दाम घेतला आहे. ज्याचे दुकान त्याच्या एकट्याच्या हाता-पायांवर चालते, त्याचे पहिले भांडवल त्याचे शरीर असते. त्या भांडवलाचा ताळेबंद आपण मांडतो का?

बैठ्या धंद्याची कंबर

दुकानदाराचा दिवस आठवून पाहा. सकाळी दहाला शटर वर, रात्री नऊला खाली. मधले अकरा तास गादीवर किंवा काउंटरमागे. जरीचा कारागीर अड्ड्यावर मांडी घालून, शिंपी मशीनवर, घड्याळजी भिंगावर वाकून. भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार उभा असतो खरा, पण बारा तासांच्या पाळीत त्याच्या पोटात जातो तो चहा, पाव आणि भजी. नीट जेवण रात्री उशिरा, आणि तेही भरपेट. त्यानंतर लगेच झोप. धंदे वेगळे, पण तक्रार एकच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर झालेल्या मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांच्या पोटाभोवती प्रमाणाबाहेर चरबी आढळली. शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त आहे.

जरी कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे डोळे. लांबलेला आणि दुर्लक्षिलेला मधुमेह डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम करतो, पायांच्या नसांची जाणीव बोथट करतो, मूत्रपिंडे खराब करतो. सरकारी नोकराला आजारपणाची रजा असते. आपल्याकडे कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की दुकानाला कुलूप लागते. उधारी वसूल करायला कोणी जात नाही, आणि मुलाचे शिक्षण अर्ध्यावर सुटून तो गल्ल्यावर येऊन बसतो. असे घर प्रत्येक मोहल्ल्यात एखादे तरी सापडेल.

स्वतःची तपासणी करायला पैसे पडत नाहीत. शिंप्याच्या गळ्यात असते ती टेप घ्या आणि बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता, कंबर मोजा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच यांच्या आत असावी, असे आपल्या देशातील तज्ज्ञांनी ठरवले आहे. वजनाचा हिशेबही सोपा आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन ६२-६३ किलोंच्या पुढे गेले की सावध व्हावे, ६८ च्या पुढे गेले की तो लठ्ठपणात मोडतो. युरोपातील लोकांसाठी ही मर्यादा याहून सैल आहे. आपल्या बांध्यात पोटावर चरबी लवकर साठते, म्हणून आपल्यासाठी ती कडक ठेवली आहे.

‘वनस्पती’ तूपही वनस्पतीच!

शाकाहार केला की माणूस आपोआप सडपातळ होतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. बाजारात आपल्या शेजारच्या दुकानात बसणाऱ्या कित्येक शाकाहारी शेठजींची कंबर आपल्याहून मोठी असते. साखर वनस्पतीपासून येते, मैदा वनस्पतीपासून येतो, आणि ज्याला आपण डालडा म्हणतो त्या तुपाचे तर नावच ‘वनस्पती’ आहे! म्हणून नुसते मांस सोडून फरसाण, जिलेबी आणि बिस्किटे धरली तर हिशेब तोट्यातच जाईल.

चहाचेच पाहा. दुकानात दिवसाला आठ कटिंग सहज होतात. प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर धरली तर दिवसाची ८० ग्रॅम झाली. महिन्याला दोन किलो चारशे ग्रॅम साखर एकट्या चहातून पोटात गेली! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. गिऱ्हाईक आले की चहा मागवणे हा धंद्याचा शिष्टाचार आहे, तो मोडू नये. पण गिऱ्हाइकाबरोबर प्रत्येक वेळी आपणही प्यालाच पाहिजे असा नियम नाही.

तेलाचे गणितही असेच. एक ग्रॅम पिठात किंवा डाळीच्या प्रथिनात ४ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम तेलात ९. भाजीवर तरंगणाऱ्या तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ सव्वाशे कॅलरी. तर्रीचे चार चमचे म्हणजे एका लहान जेवणाइतकी भर पडली, आणि पोटाला कळलेही नाही.

मग वनस्पतीजन्य आहाराचा फायदा कशात आहे? तो आहे अख्ख्या धान्यात, डाळी-कडधान्यांत, भाज्यांत आणि फळांत. अमेरिकेत ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या सुमारे ६१ हजार लोकांच्या आहाराची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. मांसाहार करणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण ७.६ टक्के, तर पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांत २.९ टक्के निघाले. वजनातही मोठी तफावत होती. अशा पाहणीत राहणीमानाचा फरकही मिसळलेला असतो, हे खरे. म्हणून दुसरा दाखला पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना ठेवून घेऊन दोन आठवडे कमी तेलाचा वनस्पतीजन्य आहार आणि दोन आठवडे मांस व चरबीप्रधान आहार दिला गेला. हवे तितके खाण्याची मुभा होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, वनस्पतीजन्य आहारावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि तरीही त्यांनी भुकेची तक्रार केली नाही. वजन दोन्ही आहारांत घटले, पण शरीरातील चरबी लक्षणीय घटली ती वनस्पतीजन्य आहारात. कारण सरळ आहे. डाळ, भाजी, भाकरीत चोथा आणि पाणी जास्त असते. पोट लवकर भरते आणि उशिरा रिकामे होते.

पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत उमर (रजि.) यांनी मांसाच्या चटकेबद्दल दिलेला इशारा इमाम मालिक यांच्या मुवत्तात नोंदलेला आहे. म्हणजे संयमाची ही गोष्ट प्रयोगशाळेने आज प्रथम सांगितली असे नाही.

डाळीचे खाते

आपले बांधव लगेच विचारतील की, मटण कमी केले तर ताकद कुठून येणार? हमाली करणाऱ्याला, लोहाराला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

कच्च्या वजनावर मोजले तर १०० ग्रॅम डाळीत २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात सुमारे २५, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या आसपास. १०० ग्रॅम मटणातही साधारण २० ग्रॅमच असतात. अर्थात डाळ शिजताना पाणी पिऊन तिप्पट होते, म्हणून वाटीभर पातळ वरणाने काम भागणार नाही. डाळ दाट हवी, आणि तिच्याबरोबर भाकरी किंवा चपाती हवी. डाळीच्या प्रथिनात जे कमी असते ते धान्यात मिळते आणि धान्यात जे कमी असते ते डाळीत. आपल्या आजी-नानींनी खिचडीत डाळ-तांदूळ एकत्र केले, त्यात हेच शहाणपण होते.

आता पैशाचा हिशेब. भाव गावोगाव आणि ऋतूनुसार बदलतात, पण एक किलो मटणाच्या पैशांत आज बहुतेक शहरांत सहा-सात किलो हरभरा डाळ येते. सहा माणसांच्या घरात जिथे एका वेळी किलोभर मटण शिजते, तिथे असे करून पाहावे. पाव किलो हाडाचे मटण, पाव किलो हरभरा किंवा तूर डाळ, अर्धा किलो दुधी, चिंच, कांदा, पुदिना. तेल मोजून तीन चमचे. पातेले तितकेच भरते, हाडाची चव डाळीत उतरते, आणि पाऊण किलो मटणाचे पैसे वाचतात. आठवड्यातून दोनदा हे केले तर महिन्याला सहा किलो मटणाची बचत. यात दुकानाच्या वीजबिलाचा मोठा भाग निघून जाईल. मांस बंद झालेले नाही. त्याची जागा तेवढी बदलली आहे.

रमजानचा महिना या बाबतीत मोठा उस्ताद आहे. पण इफ्तारला भजी, समोसे, सरबत आणि नंतर पुन्हा बिर्याणी असा क्रम चालला तर महिनाभर रोजे करून ईदला वजन वाढलेले निघते. खजूर, फळे, उकडलेले काळे चणे, मुगाची डाळ, नंतर साधे जेवण, असा दस्तरखान ठेवला तर तोच महिना शरीराचा कर्जफेडीचा महिना ठरतो.

पाणी आटले की बाजार बसतो

तिसरे खाते जमीन आणि पाण्याचे. पर्यावरण हा शब्द ऐकला की हे काम विद्वानांचे, आपले नव्हे, असे वाटते. पण २०१६ सालचा उन्हाळा आठवा. लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. ज्या गावाची तूरडाळ देशभर जाते, तेथील नळ कोरडे पडले. असा दुष्काळ आला की शेतकऱ्याचा हात आखडतो आणि कापड, भांडी, चपला, बांगड्या या सगळ्यांचा बाजार बसतो. शेतात काय पिकते आणि ताटात काय पडते यावर पाणी किती उरते हे ठरते.

२०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतील सुमारे ३८ हजार शेतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवा तापवणाऱ्या वायूंपैकी साधारण एक चतुर्थांश वायू अन्न पिकवण्यापासून ते ग्राहकापर्यंत पोचवण्यात निघतात, असे त्यात आढळले. १०० ग्रॅम प्रथिने मिळवायची तर मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून सरासरी ५० किलो, शेळ्या-मेंढ्यांपासून सुमारे २० किलो, कोंबडीपासून ६ किलोंच्या आसपास, तर वाटाण्यापासून अर्धा किलोही वायू निघत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो, शिवाय त्यांना चारा पिकवावा लागतो. डाळीच्या झाडाचे उलटे आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीत आणतात. तूर, हरभरा, मूग काढल्यावर पुढच्या पिकाला युरिया कमी लागतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ हे वर्ष कडधान्यांचे आणि २०२३ हे वर्ष ज्वारी, बाजरी, नाचणीसारख्या भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले.

मात्र इथेही खाते प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. सगळ्या वनस्पती निर्दोष नाहीत. पाणी साचवून पिकवलेल्या भातातूनही मिथेन निघतो. आपल्या राज्यात ऊस थोड्या जमिनीवर असूनही सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो. चहातली साखर कमी केली तर कंबर आणि पाणी दोन्ही वाचतात, ते यामुळे. उलट माळावर, बांधावर चरणारी गरीब घरची शेळी आणि परदेशात धान्य चारून पोसलेली गुरे यांना एका तराजूत तोलणेही योग्य नाही.

आणखी एक बाब नजरेआड करून चालणार नाही. २०२२-२३ च्या सरकारी आकड्यांनुसार भारतात मांसाचे उत्पादन माणशी वर्षाला ७ किलोंच्या घरात आहे. अमेरिकेत ते १०० किलोंच्या वर आहे. जग तापवण्याचा दोष आठवड्यातून एकदा मटण आणणाऱ्या विणकराच्या माथी मारणे हा अन्याय होईल. आपण सुधारणा करावी ती आपल्या फायद्यासाठी आणि आपल्या वाट्याच्या जबाबदारीपुरती.

कोणाच्या दडपणाने नव्हे

हा विषय निघाला की आपल्या समाजात एक नाराजी उमटते, आणि ती समजण्यासारखी आहे. आपल्या देशात शाकाहाराची भाषा पुष्कळदा आरोग्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरली गेली. घर भाड्याने देताना स्वयंपाकघरात काय शिजते हे विचारले जाते. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ साली ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्याचा फटका कुरेशी बांधवांना, चामड्याच्या कारागिरांना आणि म्हातारे बैल विकू न शकणाऱ्या शेतकऱ्यांनाही बसला. ज्यांची रोजी गेली त्यांना डाळीचे गुण सांगायला जाणे जखमेवर मीठ वाटू शकते.

म्हणून स्पष्ट लिहितो. जे अल्लाहने हलाल केले ते कोणाच्या सांगण्यावरून हराम होत नाही. कुर्बानी ही इबादत आहे, तिचा वजनाच्या काट्याशी संबंध नाही. पण हलाल असणे आणि रोज, पोट फुटेस्तोवर असणे यांत फरक आहे. खा-प्या पण अतिरेक करू नका, ही कुरआनची सूचना सगळ्याच अन्नाला लागू आहे. दुसऱ्याने आपल्याला डिवचले म्हणून आपण आपले आरोग्य बिघडवत राहिलो, तर नुकसान डिवचणाऱ्याचे होत नाही, आपल्याच घरचे होते.

तिजारतीच्या वाटा

आता या पानाचा खरा विषय. लोकांच्या ताटात बदल होत असेल तर त्यात आपल्या धंद्याला जागा कुठे आहे?

प्रथम एक सावधगिरीचा दाखला. वनस्पतीपासून ‘नकली मांस’ बनवणारी अमेरिकेतील बियॉन्ड मीट ही कंपनी २०१९ च्या मे महिन्यात शेअर बाजारात आली. २५ डॉलरला दिलेला शेअर जुलैत २३० डॉलरच्या वर गेला. पण लोकांनी एकदा चव पाहिली आणि किंमत पाहून पुन्हा घेतले नाही. २०२३ मध्ये तोच शेअर १० डॉलरच्याही खाली आला. बोध असा की महागडी नक्कल फार दिवस विकत नाही. ज्या पदार्थाची चव लोकांच्या जिभेवर आधीच आहे आणि किंमत आवाक्यात आहे, तोच टिकतो. आपल्याकडे असे पदार्थ पुष्कळ आहेत.

बागवान बांधवांचा तर हा पिढीजात धंदा. भाजीपाल्यात खरा तोटा नासाडीचा असतो. निवडलेली मेथी, सोललेला दुधी, मोड आलेली मटकी-मूग पाव किलोच्या पाकिटात दिली, तर नोकरी करणारे घर चार पैसे जास्त देते आणि उरलेला माल फेकावा लागत नाही. मात्र मोड आलेले कडधान्य थंड जागीच ठेवावे, एका दिवसात खपेल इतकेच करावे.

बेकरीवाल्यांनी नानखटाई आणि खाऱ्या बिस्किटांत ज्वारी-नाचणीचे पीठ मिसळून पाहावे. या धान्यांत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने त्यांचा निव्वळ पाव फुगत नाही. पावात थोडेच मिसळावे लागते, नानखटाईत ते सहज मुरते. वनस्पती तुपाबाबत लक्षात ठेवावे की जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात घातक ट्रान्स चरबी २ टक्क्यांहून अधिक नसावी असा नियम आहे. स्वस्त, बिनछापाचे तूप वापरणे आता गुन्ह्यात मोडू शकते.

पिठाची गिरणी असणाऱ्यांना भाकरीच्या पिठाला मोठी मागणी आहे. बाजरीचे पीठ मात्र काही दिवसांतच कडवट होते, म्हणून थोडे थोडे दळून तारीख घालून विकावे. ७० टक्क्यांहून अधिक भरडधान्य असलेल्या मिश्र पिठावर सुटे विकल्यास कर नाही आणि पाकीटबंद विकल्यास ५ टक्के, असे जीएसटी परिषदेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले होते. आजचा दर आपल्या कर सल्लागाराकडून पाहून घ्यावा.

खानावळ आणि हॉटेल चालवणाऱ्यांना तर दालचा, खट्टी डाळ, बघारे बैंगन यांची नवलाई सांगायलाच नको. मोहल्ल्याबाहेरचे गिऱ्हाईक बिर्याणीसाठी आपल्याकडे येते. त्याच्या घरच्या शाकाहारी माणसांना घेऊन ते येऊ शकेल, अशी वेगळी भांडी आणि वेगळी चूल ठेवली तर एका गिऱ्हाइकाची चार होतात. वेगळी भांडी लिहिली तर ती खरोखर वेगळी असली पाहिजेत. अमानत फक्त पैशाची नसते.

कुरेशी बांधवांनी या बदलाला घाबरू नये. कमी पण चांगले मांस घेणारे गिऱ्हाईक स्वच्छ दुकान शोधते. दालच्यासाठी हाडाचे बारीक तुकडे, यखनीसाठी नळ्या, पाव किलोचे स्वच्छ पाकीट, जाळीची खिडकी आणि बर्फाची पेटी असेल तर माल कमी खपला तरी किलोमागे नफा वाढतो. जोडीला भिजवलेली डाळ आणि चिरलेला दुधी ठेवला तर तोच ग्राहक दोन्ही घेऊन जाईल.

असा कोणताही खाद्य व्यवसाय, घरगुती असला तरी, अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो. लहान उलाढालीसाठी ही नोंदणी सोपी आणि स्वस्त आहे. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवले होते. हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहे. ज्यांना व्याजाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी आधी आलिमांचा सल्ला घ्यावा आणि योजनेची सध्याची मुदत कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून पाहावी.

जपून पाऊल टाका

मांस अगदीच बंद करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात मिळत नाही. दूध, दही, अंडी किंवा मासळी चालू ठेवावी, नाहीतर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. डाळ-भाजीतील लोह शरीराला लागावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आहार एकदम बदलला तर साखर खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना डाळही मोजून लागते. या दोघांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. वाढत्या मुलांवर आणि गरोदर भगिनींवर वजन घटवण्याचे प्रयोग करू नयेत.

महिन्याचा ताळेबंद

बदल एकदम करू नये, तो टिकत नाही. एक महिना ठरवा. घरातील भगिनींशी बोलून ठरवा, कारण पातेले त्यांच्या हाती आहे आणि त्यांची कंबर, त्यांची साखर हाही या हिशेबाचा भाग आहे. आठवड्यातून चार दिवस डाळ-कडधान्य आणि भाजी, दोन दिवस दालच्यासारखे मिश्र जेवण, एक दिवस मन भरून आवडीचे. एका वेळी भाकरी. चहा दिवसाला तीन, साखर अर्धी. तेल मोजून. इशाच्या नमाजला पायी जा आणि जेवण त्याआधी उरका.

दुकानाच्या वहीत मागच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात कंबर, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात मटण-तेल-साखरेवर झालेला खर्च. पहिल्या तारखेला लिहा आणि महिनाअखेर पुन्हा लिहा. व्यापारी माणसाला उपदेश पटत नाही, आकडे पटतात. इन्शाअल्लाह तीनही रकाने घटलेले दिसतील, आणि ही एकच वही अशी असेल की जिच्यात घट दिसली तरी मालक खूश होईल.